पालथी सहाण

“किती शहाणी आहे गं तुझी लेक,” मालूमावशी म्हणाल्या आणि त्यांनी मनूला मांडीवरून उचलून शेजारच्या मांडीवर दिलं. “आमच्या नातवंडांनी एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं.”

मी पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभी होते. जन्मल्यापासून माझ्या लेकीला कुणी शहाणी म्हटलेलं मी प्रथमच ऐकत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. सासूबाईंचा चेहरा तर असा फुलला होता, की वाढता वाढता त्यांनी मालूमावशींच्या पानात न विचारता तुपाची धार धरली. या दोघी सख्ख्या बहिणी. एकमेकींच्या घरातलं काहीही, पडदे असोत, लोणची असोत की सुना असोत, डोळ्यांनी मापून बघायची दोघींना लहानपणापासूनची खोड. नात रडकी निघाली ही बातमी आपल्या घरातून मालूमावशींच्या साताऱ्याला जाऊ नये, एवढ्यासाठी सासूबाईंनी आठवडाभर देव पाण्यात ठेवले होते.

आणि मनू रडकी होतीच. माहेरून बाळंतपण आटोपून तिला घेऊन मी कऱ्हाडला आले, त्या दिवसापासून दिवेलागणीला तिचं पोट दुखायला लागायचं ते उजाडेपर्यंत. पाळणा हलवा, खांद्यावर घ्या, ओव्यानं पोट शेका, काही उपयोग नाही. आदल्या रात्री तर मी पलंगाच्या कडेला बसून तिच्याबरोबर रडले होते. हे पाळण्यापाशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. यांनी मनूला अजून एकदाही घेतलेलं नव्हतं. घ्या म्हटलं की म्हणायचे, “मला जमायचं नाही. पडेल बिडेल.” त्या रात्री मी चिडून म्हटलं, “मला एकदा सलग झोप मिळाली ना, तर मी काय वाटेल ते देईन.” ते बराच वेळ तिथंच उभे राहिले.

या घरातले पुरुष मुलं घेत नसत. माझे सासरे, अप्पा, तर पाळण्याच्या वाटेलाही जात नसत. मनू रडायला लागली की वर्तमानपत्र थोडं वर व्हायचं, एवढंच. मी मनात म्हणायची, माणूस आहे की भिंत.

त्या रविवारी मालूमावशी आणि त्यांची माणसं जेवायला येणार होती, आणि आदल्या संध्याकाळी राजापूरहून अक्काआत्या येऊन उतरल्या होत्या. अक्काआत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. बारशाला त्यांना यायला जमलं नव्हतं, म्हणून बाळंतविडा, आमसुलं आणि स्वतःचा गुटीचा डबा घेऊन एसटीनं एकट्या आल्या. त्यांच्या गुटीची आमच्या सगळ्या नातेवाइकांत ख्याती. वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, बदाम, खारीक, एकेक वस्तू दुधात सहाणेवर किती फिरवायची हे त्यांच्या बोटांना ठाऊक. सासूबाईंना मात्र तो डबा बघूनच कसंसं झालं. “आमच्याकडे गुटी मीच देते हो, वन्सं,” त्यांनी चहा हातात ठेवता ठेवताच सांगून टाकलं. आत्या म्हणाल्या, “दे की गो. माझा हात आता थरथरतो.”

सकाळी सासूबाईंनी मनूला न्हाऊमाखू घातलं आणि गुटी चाटवली. मी शेजारी बसून बघत होते. जायफळ त्यांनी सहाणेवर एकदाच फिरवून बाजूला ठेवलं. “हे एवढंच,” त्या मला म्हणाल्या. “झोपेला बरं असतं, पण जास्त झालं तर मूल गुंगतं.” हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत. माझ्या आईनंही मला सांगितलं होतं.

रात्रीच्या जागरणामुळे यांची पूजा त्या दिवशी उशिरा झाली. पूजा यांच्याकडे होती. एकदा देवघरात बसून चंदन उगाळायला लागले की गंध दाट झाल्याशिवाय यांचा हात थांबायचा नाही. सासूबाई थट्टेनं म्हणायच्या, “देवाला गंध लावतोस की देव लिंपतोस?”

दुपारी पाहुणे आले आणि नेमकी मनू उठून रडायला लागली. मी तिला पाजलं, पाळण्यात टाकलं आणि तशीच स्वयंपाकघरात पळाले, कारण तव्यावर पोळी होती. आतल्या खोलीतून तिचं रडणं ऐकू येत होतं आणि बाहेरून मालूमावशींचं बोलणं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी पोळीकडे. मग रडणं हळूहळू कमी झालं आणि थांबलं. हे स्वयंपाकघराच्या दारात आले, म्हणाले, “झोपली.” मला वाटलं, पाळणा हलवला असेल. तेवढं केलं तेही खूप, असं मनात म्हणून मी पुढची पोळी लाटायला घेतली.

तर अशी ती शहाणी झाली होती. पहिली पंगत उठली तरी शहाणीच. या मांडीवरून त्या मांडीवर, कुणी गालाला हात लावतंय, कुणी नाक कुणासारखं यावर वाद घालतंय, आणि मनू आपली झोपलेली. दुसऱ्या पंगतीची पानं मांडताना माझ्या छातीत कळ आली आणि पोलकं ओलं झालं. पाजायची वेळ झाली होती. माझ्या अंगाला कळलं होतं, तिला कसं कळलं नाही, असा पहिला विचार तेव्हा मनात आला.

मी तिला घ्यायला गेले. मालूमावशी म्हणाल्या, “झोपलेल्या मुलाला उठवू नये गं. आधी तू दोन घास खाऊन घे.”

“भुकेची वेळ झालीय तिची.”

“भूक लागली की उठेल आपली आपण.”

सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. मी परत आत आले. ताटात काय वाढलं होतं ते आठवत नाही. मी उठले, हात धुतला आणि कुणाला न विचारता मनूला उचलून आतल्या खोलीत नेलं. छातीशी धरलं. तिनं तोंड उघडलं नाही. ओठांवर दूध पिळलं, ते हनुवटीवरून ओघळलं. तळपायाला गुदगुल्या केल्या. तिचा हात उचलून सोडला, तर तो सुटल्यासारखा खाली पडला. श्वास चालू होता, अंग गरम होतं, पण माझी लेक त्या अंगात नव्हती. मी तिला हलवलं, पुन्हा हलवलं, नावानं हाका मारल्या.

अक्काआत्या दुपारच्या आडव्या झाल्या होत्या त्याच खोलीत. त्या उठून बसल्या. “काय गो, काय झालं?”

“उठत नाहीये,” मी म्हटलं. “आत्या, ही उठत नाहीये.”

त्यांनी मनूच्या पापणीला बोट लावलं, मग तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. “जायफळ,” त्या म्हणाल्या. “कोणी दिलं हिला?”

तोवर सासूबाई दारात आल्या होत्या. “मी सकाळी दिलं. एक वळसा. विनया होती समोर.”

“एका वळशाचा हा वास नव्हे, इंदू.”

“मग तुम्ही दिलं असेल. तुमचा डबा उघडा आहे तिथं.”

“मी डब्याला हातही लावलेला नाही,” आत्या म्हणाल्या. “डबा तुला दाखवायला उघडला होता काल.”

“वन्सं, ही वेळ आहे का लपवायची?”

पाठीमागे मालूमावशींचा घोळका जमला होता, आणि त्याच्याही मागे हे. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, “रिक्षा आणा.” ते पायांत चपला न घालताच धावले. रिक्षा येईपर्यंत मनूला अंगारा लावते म्हणून आत्या देवघरात गेल्या. परत आल्या त्या जरा वेळानं. मनूच्या कपाळाला बोट टेकवलं आणि सासूबाईंकडे न बघता म्हणाल्या, “मी दिलं. पानं मांडायच्या आधी. चल, मी येते डॉक्टरकडे.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या म्हातारीचा मला इतका राग आला, की रिक्षात त्या शेजारी बसल्या तेव्हा मी मनूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

शिराळकर डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच राहत. रविवार असूनही खाली आल्या. त्यांनी मनूच्या डोळ्यांत बॅटरी मारली, छाती ऐकली, नखं बघितली. मग म्हणाल्या, “काय दिलंय, किती दिलंय, केव्हा दिलंय, मला सगळं खरं हवं. कुणाची लाज वाटून घ्यायची ही जागा नाही.”

“जायफळ,” आत्या म्हणाल्या. “बाराच्या सुमारास. चंदन उगाळतात तसं, दाट. अर्धं जायफळ झिजलंय.”

“अर्धं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजी, अहो, तुम्हाला कळत नाही?”

“चुकलं.”

“चाटवलं की पाजलं?”

आत्या थांबल्या. त्यांनी दाराकडे बघितलं. दारात हे उभे होते, चौकटीला धरून. “चमचा होता,” हे म्हणाले. “पाळण्याजवळ चमचा आणि वाटी होती. बरंचसं ओघळलेलं होतं दुपट्यावर. सगळं गेलं नाही पोटात.”

“हे चांगलं सांगितलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “श्वास व्यवस्थित आहे. मी इथंच बसते. हिला उताणी ठेवायची नाही आणि जबरदस्तीनं काही पाजायचं नाही. आता वाट बघायची.”

वाट बघायची म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. त्या लोखंडी खाटेवर मी मनूच्या पोटावर हात ठेवून बसले आणि प्रत्येक श्वासानंतर पुढचा येईपर्यंत माझा थांबत होता. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल धूत होतं. यांनी आत पाऊल टाकलं नाही. आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर डोळे मिटून पुटपुटत बसल्या होत्या. मध्येच मला वाटायचं, श्वास लांबला. मी डॉक्टरीणबाईंकडे बघायची, त्या मान हलवायच्या. माझं पोलकं भिजून वाळलं आणि पुन्हा भिजलं.

उन्हं उतरली तेव्हा मनूनं कपाळाला आठी घातली. एवढीशी आठी. मग ओठ वाकडे केले, मूठ वळली, आणि बारीक किरकिर करता करता तिनं असा काही टाहो फोडला, की वरच्या मजल्यावरून डॉक्टरीणबाईंची मुलगी बघायला आली. मी तिला छातीशी धरलं. ती ओढायला लागली, रागारागानं, धसमुसळेपणानं. मी ओक्साबोक्शी रडले. डॉक्टरीणबाईंनी आणखी काही वेळ थांबवून घेतलं आणि घरी सोडताना बजावलं, “जायफळ घरातल्या गुटीतून काढून टाका. एक वळसाही नको.”

घरी आलो तेव्हा पाहुणे निघून गेले होते. मनूला बघून सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं.

“वन्सं, मी कधी तुम्हाला उलटून बोलले नाही. पण आजपासून या मुलीला तुम्ही हात लावायचा नाही. मालूसमोर माझी शोभा झाली त्याचं काही नाही. पोर गेली असती.”

“हो गो,” आत्या म्हणाल्या. “सकाळच्या गाडीनं निघते मी.”

अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. हे गॅलरीत जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

दिवे लागायची वेळ झाली होती. सासूबाई डोकं धरून बसल्या होत्या, म्हणून मनूला कडेवर घेऊन देवापुढे दिवा लावायला मी गेले. वात पेटवली आणि माझं लक्ष सहाणेकडे गेलं. देवाची सहाण पालथी घातलेली होती. आमच्याकडे ती कधी कुणी पालथी घालत नसे. गुटीची सहाण वेगळी, लहान, ती स्वयंपाकघरात फळीवर. ही देवाची, मोठी. हिला यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे, आणि हिच्यावर चंदनाशिवाय काही उगाळलं तर विटाळली म्हणून सासूबाईंनी ती फेकूनच दिली असती. मी एका हातानं ती उलटली. पिवळ्या गंधाच्या जागी गोल गोल फिरवून वाळलेला तपकिरी थर होता, चांगला दाट, गंधासारखा. चंदनाच्या खोडामागे अर्धं झिजलेलं जायफळ होतं. वास नाकात गेला आणि मी तिथंच खाली बसले.

मग उठून आतल्या खोलीत गेले. अक्काआत्या नऊवारीची घडी घालून पिशवीत ठेवत होत्या.

“आत्या, सहाण तुम्ही पालथी घातलीत?”

त्यांचे हात थांबले. “घातली. धुवायला वेळ कुठे होता?”

“मग डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?”

“खोटं कुठे सांगितलं? काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं, सगळं खरं सांगितलं. औषधाला तेवढंच लागतं. कोणी दिलं ते लागत नाही.”

“पण आई तुम्हाला नाही नाही ते बोलल्या. मीही मनात बोलले.”

आत्यांनी मला जवळ बसवलं. “मुकुंदाच्या पायावर डाग आहे, बघितला असशील.”

“हो. यांना लहानपणी भाजलं होतं म्हणतात.”

“दत्तूच्या हातून भाजलं.” दत्तू म्हणजे अप्पा. “मुकुंदा सहा महिन्यांचा. इंदू तापानं पडलेली, मी आले होते मदतीला. मी विहिरीवर गेले, तर हा हौसेनं पोराला न्हाऊ घालायला बसला. कढत पाण्यात विसण घालायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही सगळ्या बायका त्याच्यावर तुटून पडलो. सगळ्यांत पुढे मीच. पुरुषाला कोणी सांगितलाय असला चोंबडेपणा, असं मी म्हटलं, चारचौघांत. त्यानंतर दत्तूनं या घरातलं एकही मूल उचललं नाही. मुकुंदा तापानं फणफणला तरी हा उंबऱ्यात उभा राहायचा. आत यायचा नाही.”

मनूनं माझ्या मंगळसूत्राला मूठ घातली होती. मी ती सोडवत राहिले.

“आज मुकुंदा पहिल्यांदा लेकीजवळ गेला,” आत्या म्हणाल्या. “तुला जरा पडायला मिळावं म्हणूनच असणार, दुसरं काय? अंगारा घ्यायला गेले आणि ती सहाण बघितली. म्हटलं, आता घर याच्यावर तुटून पडणार, आणि हाही दत्तूसारखा कायमचा दारात उभा राहणार. माझं काय गो? माझी सकाळी गाडी आहे.”

मला आदल्या रात्रीचं माझंच बोलणं आठवलं. यांचा राग आला, नाही असं नाही. चांगलाच आला. पण दवाखान्याच्या चौकटीला धरलेला तो हातही डोळ्यांसमोरून हलेना.

मी गॅलरीत गेले. चाहूल लागूनही हे वळले नाहीत. “कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“वळून बघा.”

ते वळले, पण माझ्याकडे बघवेना त्यांना. “विनया, मला तुला काहीतरी—”

“आधी हात पुढे करा.”

“नको. मी नको.”

“मी सहाण बघितलीय,” मी म्हटलं. “करा हात पुढे. मानेखाली घ्या. असं.”

मी मनूला त्यांच्या हातांवर ठेवलं आणि माझे हात काढून घेतले. ते जागच्या जागी ताठ झाले. मनू त्यांच्याकडे बघत राहिली. अजून थोडी पेंगुळलेलीच होती. मग तिनं जांभई दिली आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण पकडलं. यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे त्यांना ते पुसता येईना. मीही पुसलं नाही.

तसेच, तिला घेऊन, ते बाहेरच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. आवाज ऐकून आत्याही पिशवी हातात घेऊन दारात आल्या.

“आई,” हे म्हणाले. “जायफळ मी दिलं. आत्यानं नाही.”

सासूबाईंनी डोकं वर केलं. “तू?”

“देवाच्या सहाणेवर उगाळलं. चंदनासारखं. मला वाटलं, जितकं दाट तितकं चांगलं.”

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. त्या उठून उभ्या राहिल्या. आता काय येणार ते मला ठाऊक होतं, यांनाही ठाऊक होतं. मनूला धरलेले त्यांचे हात माझ्याकडे वळायला लागले, घे हिला, म्हणून. मी हात पुढे केले नाहीत.

“इंदू, राहू दे,” अप्पा म्हणाले.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, त्यावर चष्मा काढून ठेवला. अप्पा यांच्याकडे बघत होते, यांच्या अनवाणी पायांकडे, त्या डागाकडे.

“मुकुंद, इकडे दे तिला,” ते म्हणाले. “तू सकाळपासून जेवलेला नाहीस.”

हे पुढे गेले, वाकले, आणि मनूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. अप्पांनी दोन्ही हात तिच्याभोवती धरले. सासूबाई एकदा अप्पांकडे आणि एकदा आत्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आत्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत कपाटात नेऊन ठेवली.

“दत्तू, मान धर रे,” आत्या दारातून म्हणाल्या.

“धरलीय, अक्का,” अप्पा म्हणाले.